‘मंजूर’ पक्षाशी व्यवहार नको!

करारपत्रांच्या भाषांतराची शेवटची तपासणी माझ्याकडे असते. त्या दिवशी एका कंपनीची पुरवठादारांसाठीची आचारसंहिता समोर होती. एका कलमावर नजर अडकली : ‘पुरवठादाराने कोणत्याही मंजूर व्यक्तीशी किंवा देशाशी व्यवहार करू नये.’ व्याकरण बिनचूक, अर्थ मात्र पार उलटा. मुळात शब्द होता ‘सँक्शन्ड’, म्हणजे ज्यांच्यावर निर्बंध लादले आहेत ते. हा मराठी मजकूर कुणी प्रामाणिकपणे पाळला असता, तर नेमकं ज्यांच्याशी व्यवहार करायला हरकत नाही त्यांनाच त्याने टाळलं असतं.

भाषांतर करणारी मुलगी गोंधळून म्हणाली, “पण मॅडम, कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूरच झालं ना?” अगदी खरं. तिला दोष द्यावासा वाटेना. हातातलं काम ठेवून आम्ही कोश उघडले.

लॅटिनमध्ये ‘सांकिरे’ असं क्रियापद आहे : पवित्र ठरवणं, कुणी मोडू नये असं करणं. ‘सेंट’ हा शब्दही त्याच घराण्यातला. रोमन कायद्यात ‘सांक्तिओ’ म्हणजे तो कायदा मोडल्यास काय होईल हे सांगणारा भाग. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. कायद्याला ज्याने बळ येतं, त्यातच मोडणाऱ्याची शिक्षाही असते. पुढे एकीकडून मान्यता निघाली, दुसरीकडून दंड. ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट सहाव्या चार्ल्सने राजघराण्यातल्या मुलीलाही वारसा मिळावा म्हणून १७१३ मध्ये काढलेलं ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ हा राजाचा हुकूम होता; १९३५ मध्ये ॲबिसिनियावरच्या (आजच्या इथिओपियावरच्या) आक्रमणाबद्दल राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) इटलीवर लादलेली ‘सँक्शन्स’ मात्र आर्थिक निर्बंध होते.

अनेकवचनी नाम बहुधा निर्बंधांचं, क्रियापद बहुधा मंजुरीचं, एवढं धरून चालता येतं. खरा घात करतं ते ‘सँक्शन्ड’ हे विशेषण, कारण ते दोन्हींकडून येतं.

मग सगळा मसुदा चाळला. बाकीच्या जागा संदर्भावरून सुटल्या. एक मात्र काही केल्या सुटेना : ‘समितीने सँक्शन केलेल्या पुरवठादारांची यादी’. पसंतीची यादी की काळी यादी? आधीचं-नंतरचं वाक्य काहीच सांगेना. अंदाजाने लिहायची माझी तयारी नव्हती, म्हणून कंपनीलाच विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं : दंड झालेल्यांची यादी, आणि मूळ इंग्रजीतलाच शब्द आम्ही बदलतो आहोत.