आठवं सायटेशन

सकाळी उठल्या उठल्या फोन हातात घेतला तर मेल: तुमच्या पेपरला नवं सायटेशन, म्हणजे कुणीतरी आपल्या पेपरात त्याचा संदर्भ दिलाय. आणि मी आधी काय बघितलं, तर आकडा. साताचे आठ झाले. त्यातली तीन माझीच आहेत, पण ते असो.

आकडा बघून बरं वाटलं, हेच डोक्यातून जात नाहीये. एच-इंडेक्स तीन वर्षं सातावर रुतून बसला होता. आठ व्हायला निदान आठ सायटेशनवाले आठ पेपर लागतात. सात तयार होते, आठव्याला एकच कमी पडत होतं. ते आज मिळालं. मग तो संदर्भ देणाऱ्यांचा पेपर उघडला. पहिल्याच पानावर मी, संदर्भ क्रमांक 16: '[16] मधला बाउंड आम्ही सुधारतो, तिथला लॉग लागत नाही.' बाउंड म्हणजे सिद्ध केलेली हद्द, लॉग म्हणजे तिच्यातला लॉगरिदम; तो गेला की हद्द आणखी घट्ट.

तो लॉग म्हणजे माझी चार वर्षं.

राग आला, पण तोही धड येईना. लिहिलंय सभ्यपणे. शिवाय माझा पेपर छापण्याआधी तपासणाऱ्या रेफरीनं तेव्हाच विचारलं होतं, हा लॉग खरंच लागतो का? 'या पद्धतीत टाळता येत नाही,' असं मी ठणकावून कळवलं होतं. खरंच होतं ते. पद्धत बदलू नकोस असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी लोकल लेमा (लेमा म्हणजे मदतीचं छोटं प्रमेय) लावलाय. एर्डिश आणि लोवास, 1975. एकही वाईट, म्हणजे नको असलेली, घटना न घडणं शक्य आहे हे दाखवायला मी त्या सगळ्यांच्या शक्यतांची बेरीज एकाच्या खाली दाबत बसले होते, लॉग तिथेच मोजावा लागला. लोकल लेम्यात प्रत्येक घटना मोजक्या शेजारणींवरच अवलंबून असली आणि पुरेशी दुर्मिळ असली की झालं, एकूण घटना कितीही असोत. हे मी दरवर्षी शिकवते. 'शेजार मोजा, गाव मोजू नका' हे माझंच वाक्य आहे, मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणतात. आणि मी चार वर्षं गाव मोजत होते.

दुपार अशीच गेली. माझ्या गाईडना, सरांना, कळवावं का... कळलंच असेल त्यांना.

मग गणितज्ञ श्रीखंडे आठवले. लॅटिन चौरस म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारा चौकोन; असे दोन एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ती ऑर्थोगोनल जोडी. 10, 14, 18 अशा क्रमांच्या लॅटिन चौरसांची ऑर्थोगोनल जोडी नसतेच, हा युलरचा 1782 चा अंदाज. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी तो 1959 मध्ये मोडला. 6 च्या पुढे एकही क्रम त्याच्या बाजूनं उरला नाही. 177 वर्षं टिकलेली चूक, आणि ती गोष्ट सांगताना आजही सुरुवात युलरपासूनच. माझा लॉग तर चूकही नव्हता, नुसता ढिला होता. (तुलना कुणाशी चाललीये बघा!)

पण पुन्हा तेच. प्रूफच्या, म्हणजे सिद्धतेच्या, आधी आकडा का बघितला? पूर्वी मी अशी नव्हते, असं लिहिणार होते. होते बहुतेक. पूर्वी मेल येत नसे, एवढंच.

वार्षिक फॉर्म उद्या द्यायचाय. एच-इंडेक्सच्या रकान्यात सात खोडून आठ केलं. 'महत्त्वाचा निष्कर्ष' या रकान्यात मागच्या वर्षीचंच वाक्य आहे, लॉगसकट. लॉग खोडला तर निष्कर्ष माझा राहत नाही, ठेवला तर शिळा. ठेवलाय.

आता साडेअकरा. त्यांचं प्रूफ पुन्हा काढून बसलेय. पान 5 वर शेजारणी मोजताना आलेखातल्या एका रंगाच्या कडा (बिंदू जोडणाऱ्या रेषा) दोनदा धरल्यात. चालतं, चूक नाही. पण दोनदा का?