आमची वाटचाल : बर्गंडीची ‘पास-तू-ग्रँ’ पुण्यापर्यंत

फ्रान्समधला वाइनचा प्रदेश बर्गंडी म्हटलं की ग्राहक महागडी पिनो न्वार, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन मागतो. आमचा आयातीचा व्यवसाय उभा राहिला तो तिथल्या द्राक्षउत्पादक कुटुंबांच्या साध्या, फळांच्या सुगंधाच्या लाल वाइनवर, म्हणजे पास-तू-ग्रँवर. १९३७ पासून तिला स्वतंत्र नामांकन, म्हणजे ठरलेल्या प्रदेशात ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाइनचं कायदेशीर नाव, आहे. तिच्यात पिनो न्वार किमान ३० टक्के आणि गामे ही दुसरी द्राक्षजात किमान १५ टक्के असावी लागते.

उत्पादक निवडताना आमचा पहिला प्रश्न असतो, दोन्ही द्राक्षं एकाच टाकीत आंबवता का? तयार वाइन नंतर एकत्र केली की गामेचा रास्पबेरीसारखा वास एकीकडे आणि पिनोचा कणा, म्हणजे चवीची बांधणी, दुसरीकडे राहतो. एकत्र आंबवायचं तर दोन्ही वाणांची तोडणी जुळवावी लागते. गामे कच्ची तोडली तर आंबटपणा बोचतो; तिच्यासाठी थांबावं, तर पिनो जास्त पिकते. दोन्ही बागा स्वतः राखणारं कुटुंबच हे नीट साधतं. काही घड देठांसकट टाकीत घातले की मणी आतूनच आंबू लागतात आणि वाइन हलकी, सुवासिक होते. मात्र देठ हिरवे असतील तर कडवटपणा उतरतो. आंबताना तापमान ३० अंशांच्या वर गेलं की वास उडतो, आणि वर तरंगणारी सालं रोज फार दाबली तर बियांचा तुरटपणा येतो. नव्या ओकच्या पिंपाची इथे गरजच नाही.

अशा बागा कमी होत आहेत याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. त्याच जमिनीत नुसती पिनो लावली तर बाटलीला जास्त भाव मिळतो, मग गामे उपटली जाते.

भारतात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क आहे, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क. त्यामुळे तिथली स्वस्त वाइन इथे स्वस्त राहत नाही. खरा धोका मात्र उष्णतेचा. गरम कंटेनरमध्ये वाइन फुगते, बूच वर सरकतं, ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरांब्याचा वास येतो. म्हणून आम्ही माल हिवाळ्यातच भरतो, तोही शीत कंटेनरमध्ये, आणि गोदाम १५ अंशांच्या आसपास ठेवतो.

दुकानदारांना आमचं सांगणं एवढंच की ही साठवून ठेवायची वाइन नाही, दोन-तीन वर्षांत विका. पिताना १३-१४ अंश हवेत. पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवावी. टॅनिन, म्हणजे साल-बियांतला तुरटपणा, कमी असल्यामुळे तिखट रश्शासोबत ती जीभ आणखी पोळू देत नाही, फ्रान्सच्याच बोर्दो भागातल्या जड लाल वाइनपेक्षा तर नक्कीच.