चायनीज स्टुडंट्स आणि 'कन्व्हीनियन्ट'

चायनीज मुलांना इंग्लिश शिकवायला लागलात की हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच, 'आर यू कन्व्हीनियन्ट टुमारो?' शब्द सगळे बरोबर, तरी इंग्रजाला खटकतं, कारण इंग्लिशमधे कन्व्हीनियन्ट म्हणजे वेळ, जागा, एखादी वस्तू, माणूस नाही. माणसाला आणायचं तर 'फॉर' लावून, 'इज इट कन्व्हीनियन्ट फॉर यू?'

पण मुलं असं का बोलतात ते बघा ना, मँडरिनमधे, म्हणजे त्यांच्या चायनीज भाषेत, सरळ 'नी फांगब्येन मा' विचारतात, नी म्हणजे तू, फांगब्येन म्हणजे सोयीचं आणि शेवटी मा लावला की झाला प्रश्न. मधे 'आहे' पण लागत नाही! आपण 'तुला सोयीचं आहे का' म्हणतो, 'तू सोयीचा आहेस का' कोणी म्हणणार नाही, त्यामुळे मराठी मुलाला ते फॉर वेगळं समजवावं लागत नाही.

आणि या फांगब्येनचा पसारा केवढा! इन्स्टंट नूडल्स म्हणजे फांगब्येनम्येन, चारचौघात टॉयलेटला जायचं असेल तरी 'जरा फांगब्येन करून येतो' असंच म्हणतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच, कुमारजीव या बौद्ध भिक्खूने ४०६ साली चीनमधल्या छांगआन शहरात सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाचं चायनीज भाषांतर केलं त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं नावच फांगब्येन आहे, मूळ संस्कृतमधे उपायकौशल्य, म्हणजे ज्याला जसं झेपेल तसं त्याला समजवायची हातोटी. एवढा जुना, एवढा पसरलेला शब्द, आणि शब्दांच्या यादीत त्याच्यासमोर एकच इंग्लिश शब्द लिहून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. 'इट इज कन्व्हीनियन्ट फॉर' एवढा अख्खा तुकडाच पाठ करून घ्यावा.

जरा पुढे गेलेल्या मुलांना मग दुसरी छटा सांगावी लागते. 'अ कन्व्हीनियन्ट एक्स्क्यूज' यात कौतुक नाहीये, टोमणा आहे, आणि फांगब्येनमधे तो टोमणा येत नाही म्हणून मुलांना वाटतं की वा, छान कारण दिलं. आपल्याकडे 'सोयीस्करपणे विसरला' म्हटलं की कळतं काय म्हणायचंय ते. त्यांना मात्र मी नेहमी अख्खा प्रसंग सांगते, कोण बोलतंय, कोणाबद्दल, आणि ते कारण खरं वाटतंय का, मगच ते वाक्य फळ्यावर लिहिते.