वंशावळीतली जिवंत माणसं

"दादा, मी दत्तक आहे हे तू कुणाला विचारून लिहिलंस?"

सकाळी सातला चुलत बहिणीचा फोन. तिच्या होणाऱ्या सासरी कुणीतरी तिचं नाव गूगलवर टाकलं आणि मी वर्षभर खपून भरलेली आमची वंशावळ समोर आली. तिची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि नावापुढे मी लिहिलेला तो एक शब्द. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाहेर कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. मी तिची माफी मागितली. ती रडत होती, मला पुढे बोलवेना.

हे सगळं २०२३ च्या शेवटी सुरू झालं. कुणबी नोंदी शोधायला तेव्हा गावोगाव धावपळ चालली होती. तहसीलच्या अभिलेख कक्षात आमच्या पणजोबांचं नाव गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, मोडी लिपीत सापडलं. ओबीसीच्या दाखल्याला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून अख्ख्या भावकीला त्या एका ओळीशी आपलं नातं जोडून दाखवायचं होतं. वंशावळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. ज्यानं त्यानं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार आणि शाळा सोडल्याचे दाखले टाकले आणि ते बघून मी एका संकेतस्थळावर माहिती भरत गेलो. तिथलं वंशावळीचं झाड सगळ्यांना खुलं होतं. ते सेटिंग मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं.

फोननंतर त्याच दिवशी झाड तिथून काढून टाकायला बसलो. आधी सगळी माहिती जेडकॉम फाइलमध्ये, म्हणजे वंशावळीच्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, उतरवून घेतली, मग झाड डिलीट केलं, मग खातंही बंद केलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं खात्यातून बाहेर पडून काही होत नाही. तेवढ्यात कळलं की परदेशातल्या एका लांबच्या नातेवाइकानं आमची अख्खी शाखा स्वतःच्या झाडात उचलून घेतली आहे. त्यांना तीन वेळा लिहिलं. जिवंत माणसांची नावं त्यांनी काढली, तारखा अजून तशाच आहेत.

आता वंशावळ ग्रॅम्प्समध्ये ठेवतो. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, माहिती आपल्याच संगणकावर राहते, नेट लागत नाही. प्रत्येक नोंदीशेजारी छोटं कुलूप असतं. ते लावलं की फाइल बाहेर देताना ती नोंद वगळता येते. जिवंत माणसंही एकदम गाळता येतात. मृत्यूची नोंद नसेल, तर जन्माला ११० वर्षं होईपर्यंत माणूस हयात असेल असं ते धरतं. मला हे फार पटलं. बहिणीला मी घरी बोलावलं, तिची नोंद उघडून दिली आणि माउस तिच्या हातात दिला. तिनं तो शब्द पुसला, नाव ठेवलं, कुलूप लावलं.

दाखल्यासाठी कुणी मागितलं, तर अर्जदारापासून पणजोबांपर्यंतची शाखा तेवढी काढून देतो. मूळ फाइल पासवर्ड लावून दोन पेनड्राइव्हवर आहे: एक माझ्याकडे, एक थोरल्या काकूंच्या कपाटात. पासवर्ड काकूंकडे नाही, तो बंद पाकिटात धाकट्या काकांकडे आहे.

खरं काम निघालं ते ग्रुपवरच्या कागदांचं. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत जेमतेम अडीच दिवसांची, आणि आम्हाला तर वर्ष उलटून गेलं होतं. त्यात ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नेमकं तेच मी झाडावर लिहून ठेवलं होतं. मग घरोघरी फिरलो. नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार कसं काढायचं ते पोरांना शिकवलं. मोठ्यांचे फोन मात्र हातात घेऊनच साफ करावे लागले.

दिवाळीत आत्याकडे बसलो होतो. तिच्या गॅलरीत ४३ जणांची आधार कार्डं निघाली, नातवाच्या बारशाच्या फोटोंमध्ये मिसळलेली. एकेक करून पुसत गेलो, नंतर ट्रॅशही रिकामं केलं. मधेच कोतवाल बुकाच्या पानाचा फोटो आला. आत्यानं माझा हात धरला.

"हा राहू दे. माझ्या आज्याचं नाव आहे त्यात."

तो राहू दिला.