रविवारी बस बंद पडली तेव्हा

आंब्वाजच्या नदीकाठच्या पार्किंगमध्ये बस शिरली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. आमचा पोर्तुगीज ड्रायव्हर मुळात अबोल. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरून चाकांपाशी वाकून पाहिलं, परत वर आला आणि मला एवढंच म्हणाला, "ब्रेकची हवा उतरतेय. आज नाही."

मी पंधरा वर्षं टूर मॅनेजरचं काम करते. पासपोर्ट हरवलेत, दात दुखलेत, एकदा एका नवरा-बायकोचं रोममध्ये भांडण होऊन दोघं दोन वेगळ्या दिशांना गेलेत. पण एकतीस माणसं, रविवार आणि फ्रान्स हे त्रिकूट काही औरच. रविवारी गॅरेज बंद. बदली बस पॅरिसहून येणार, तीही संध्याकाळी सहाच्या आधी नाही. आदल्या रात्री आम्ही तूर गावात मुक्काम केला होता (तूरमध्ये टूर, यावर ग्रुपमध्ये तीनदा विनोद होऊन गेला होता). ठरल्याप्रमाणे सकाळी आंब्वाज, दुपारी शनाँसो, रात्री पॅरिस. शनाँसो म्हणजे शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला महाल. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो होता.

"म्हणजे मुखपृष्ठच रद्द म्हणा की," मागच्या सीटवरून आवाज आला.

पैसे परत मिळणार का, टॅक्सी करता येणार नाही का, तुमचा मालक कुठे आहे, सगळं झालं. मालकांना फोन लावला तर तेही हेच विचारत होते. एक ताई म्हणाल्या, "आम्ही तीन किल्ल्यांचे पैसे भरलेत." तिसरा कोणता, हे मी त्यांना विचारलं नाही. शेवटी मी माइक बंद केला आणि म्हटलं, आधी चहा घेऊ.

त्या सगळ्या गलक्यात पुढच्या सीटवरचे एक काका खिडकीतून नदीकडे बघत होते. वय त्र्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त, डोक्यावर पांढरी कापडी टोपी. त्यांनी मला विचारलं, "पात्रात उतरता येतं का गं इथे?"

"नाही काका. बंदी आहे."

"पाणी तर घोट्याइतकं दिसतंय."

सप्टेंबरातली ल्वार तशीच दिसते. हजारएक किलोमीटर लांबीची, फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, पण उन्हाळ्याच्या शेवटी निम्मं पात्र वाळूचं. मासिफ सेंत्रालच्या डोंगरांतून ती वाळू घेऊन येते आणि वाळूचे पट्टे दर पुरात जागा बदलतात. आज पाय ठेवला तिथे उद्या भोवरा असू शकतो. ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि माणसाच्या वजनाने खचते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "विसर्ग किती असतो?" मी सांगितलं, बघून सांगते. पुढे विसरले.

किल्ला चढायला आम्ही मिनिम बुरुजाचा रस्ता घेतला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हा बुरुज म्हणजे वरदान. पायऱ्या नाहीत, आत गोल गोल वर जाणारी रुंद चढण आहे. घोडे आणि गाड्या थेट नदीकाठावरून वरच्या अंगणात जाव्यात म्हणून पाचशे वर्षांपूर्वी बांधलेली. फ्रान्सचा राजा आठवा शार्ल इथेच जन्मला आणि इथेच मेला. १४९८ साली टेनिसचा खेळ बघायला जाताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, काही तासांत संपला, वय सत्तावीस. हे सांगितल्यावर आमच्या ग्रुपमधली उंच माणसं दिवसभर प्रत्येक दारात वाकत होती.

सेंत हुबेरच्या छोट्या चॅपेलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी आहे. नवीन होते तेव्हा मी तिथे मोठं नाटक करायचे. राजा फ्रान्स्वाच्या मांडीवर त्याने प्राण सोडला वगैरे. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढे वाचनात आलं की २ मे १५१९ ला लिओनार्दो गेला तेव्हा राजा बहुधा आंब्वाजमध्ये नव्हताच. तेव्हापासून ती गोष्ट मी दंतकथा म्हणूनच सांगते, आणि टिप कमी मिळते.

काकांनी फरशीवरची पाटी बघितली. "ही त्याचीच हाडं आहेत, याची खात्री आहे का?"

खात्री नाही. त्याला पुरलं होतं ते किल्ल्यातलं दुसरं चर्च एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं गेलं. १८६३ मध्ये त्या जागी खणलं तेव्हा एक सांगाडा आणि काही अक्षरं असलेले दगडाचे तुकडे मिळाले, त्यावरून अंदाज बांधला. म्हणून फ्रेंच लोक स्वतःच "मानलेले अवशेष" म्हणतात.

"मग हे चांगलं आहे," काका म्हणाले. "मानलेले म्हणतात. आपल्याकडे नसते म्हणाले."

बारा वाजेपर्यंत लोकांचा राग थोडा निवला होता. त्याचं श्रेय माझं नाही, रविवारच्या बाजाराचं. नदीकाठी लांबच लांब मांडव, पीच, मध, तागाचे टेबलक्लॉथ. सेंत मोर नावाचं बकरीच्या दुधाचं चीज तिथलं. लांब ओंडक्यासारखं, वरून राखेचं आवरण आणि आत आरपार राय नावाच्या धान्याची एक काडी. मुंबईच्या मावशींनी ती काडी ओढून काढली आणि दुकानदाराला दाखवत मराठीतून ठणकावलं, "अहो, यात केरसुणीची काडी आलीय." त्याने हसत हसत त्यांना दुसरा तुकडा कापून दिला. त्यातही काडी होतीच.

मग मी दुपार वाटून टाकली. नऊ जणांनी सायकली घेतल्या. ल्वारच्या काठाने नव्वेर गावापासून समुद्रापर्यंत जवळपास नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्यातले सहा किलोमीटर जाऊन सहा परत यायचे, यावर एकमत झालं. चार तरुण मंडळी नदीतल्या बेटावरून कानूत, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होडीत, बसली. बाकीचे लिओनार्दोच्या शेवटच्या घरी, क्लो ल्यूसेच्या बागेत, सावलीत. तीन वाजता सगळे पुलाच्या तोंडाशी.

तीन वाजता तीस जण आले.

काकू शांत होत्या. "येतील. ते असेच जातात. आमच्या लग्नातसुद्धा मांडवामागचं गटार बघायला गेले होते." काकांचा फोन रोमिंगच्या भीतीने बंद. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. पात्रात उतरता येतं का, हे सकाळचं वाक्य माझ्या डोक्यात वाजायला लागलं.

मी पुलावरून धावत बेटावर गेले. कानूवाल्या मुलीला मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, म्हातारा गृहस्थ, पांढरी टोपी? तिने नाही म्हटलं आणि न सांगता लाइफ जॅकेट अंगात चढवलं. ते बघून माझे पाय गळाले. तेवढ्यात वरच्या अंगाला, पात्राच्या मधोमध, वाळूच्या पट्ट्यावर मला पांढरं काही दिसलं. उभं, न हलणारं. मी काठावरून जीव तोडून ओरडले, "काकाऽऽ!"

पांढऱ्या ठिपक्याने पंख पसरले आणि तो उडाला. बगळा होता.

कानूवाली मुलगी हसली नाही, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

काका सापडले ते नदीत नाही. काठाच्या मागच्या एका अरुंद गल्लीत, जुन्या घराच्या भिंतीला तोंड करून उभे होते. एक हात वर करून तळवा दगडावर टेकवलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच न वळता विचारलं, "ही रेघ बघितलीस?"

दगडात कोरलेली आडवी रेघ, शेजारी साल, १८५६. मी या गावात वीसएक ग्रुप आणले असतील, ती रेघ मी कधी बघितली नव्हती. एवढं मात्र मला ठाऊक होतं की १८४६, १८५६ आणि १८६६, वीस वर्षांत ल्वारने तीन मोठे पूर आणले. मातीचे बांध ठिकठिकाणी फुटले. आमची सायकलवाली मंडळी त्या दुपारी ज्या उंच रस्त्यांवरून गेली, त्यांतले बरेच रस्ते म्हणजे असे जुने पूरबांधच.

रेघ काकांच्या डोक्याच्या वर होती. त्यांनी वितीने मोजली होती. "आमच्याकडे याहून वर होतं," ते म्हणाले.

बारा जुलै १९६१. पानशेत. ते नऊ वर्षांचे होते, नारायण पेठेत वाडा. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, आणि हे पुण्यात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. सकाळी धरण गेलं. "आई म्हणाली, दप्तर घे. मी दप्तर घेतलं. शाळाच वाहून जातेय हे कुणाला माहीत." नंतर वर्षभर गोखलेनगरला निसन हटमध्ये, पत्र्याखाली. पूर ओसरल्यावर वडिलांनी वाड्याच्या भिंतीवर पाणी चढलं होतं तिथे कोळशाने रेघ मारून तारीख घातली. दर पावसाळ्यात ते ती पुन्हा गडद करायचे. पुढे वाडा बिल्डरला दिला.

"फ्लॅट छान आहे," काका म्हणाले. "पार्किंग आहे. रेघ नाही."

मी रागावायचं विसरले होते, ते पुलाकडे परत येताना आठवलं. मग रागावले. काकांनी निमूट ऐकून घेतलं आणि चालता चालता विचारलं, वरच्या अंगाला धरण आहे का? योगायोगाने हे मला माहीत होतं. रोआन गावाजवळ व्हिलरेस्तला आहे, १९८० च्या दशकातलं, पावसाळी पूर अडवायला आणि उन्हाळ्यात पाणी सोडायला. त्याच्याही वर आणखी एक बांधणार होते, पण लोक जागेवर जाऊन बसले ते काही वर्षं उठलेच नाहीत, आणि १९९४ मध्ये सरकारने ते रद्द केलं.

काका थांबले. "रद्द केलं?" त्यांचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. आयुष्यभर धरणं बांधलेला माणूस. "कागद मिळतील का बघ त्याचे," एवढंच म्हणाले.

पुलाशी काकूंनी त्यांना थेपला दिला, एक शब्द न बोलता. मावशींनी मात्र माझ्या वाटचंही सगळं बोलून घेतलं.

बस सातला आली. शनाँसोच्या तिकिटांचे पैसे परत केले, तरी दोघांनी फॉर्मवर "नाराज" वर खूण केली, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. फोटो दाखवून पैसे घेतले होते. काकांचा फॉर्म सगळ्यात शेवटी मिळाला. बस, हॉटेल, जेवण, सगळ्यांपुढे "ठीक". खाली सूचनांच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात एकच ओळ होती:

"नदीचा विसर्ग विचारला होता. उत्तर अद्याप मिळालेलं नाही."