अर्पणपत्राखालची तारीख: 'इन्स्टिट्यूट्स'च्या तक्त्याचा रखडलेला रकाना

मागच्या नोंदीत मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की सोळाव्या शतकातील फ्रेंच धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील ग्रंथाच्या आवृत्त्यांचा तक्ता महिनाअखेर पुरा होईल. तो झालेला नाही, आणि अडला आहे तो केवळ एका रकान्यापाशी. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याला उद्देशून कॅल्व्हिनने जे अर्पणपत्र लिहिले, त्याच्या तळाशी छापलेली तारीख एवढेच त्या रकान्यात भरायचे आहे. बाकीचे काम सुरळीत झाले: प्रकरणांची संख्या १५३६ मध्ये सहा, १५३९ मध्ये सतरा, १५४३ मध्ये एकवीस आणि १५५९ च्या अखेरच्या लॅटिन आवृत्तीत चार भाग मिळून ऐंशी, हा चढता क्रम एकाखाली एक लिहिताना जे समाधान वाटले ते आपल्यापैकी तक्ते करणाऱ्यांनाच कळेल.

तारखेचा घोळ असा आहे. स्वित्झर्लंडमधील बाझलला थॉमस प्लाटर आणि बाल्थाझार लासियस यांनी छापलेल्या पहिल्या आवृत्तीच्या पुष्पिकेत, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असलेल्या छपाईच्या नोंदीत, मार्च १५३६ असा महिना स्पष्ट दिला आहे. त्याच पुस्तकातील अर्पणपत्राखाली मात्र रोमन पद्धतीने दिवस आणि महिना आहे, सप्टेंबरच्या कॅलेंड्सपूर्वीचा (कॅलेंड्स म्हणजे महिन्याची १ तारीख) दहावा दिवस, आणि वर्ष मुळीच नाही. १५४१ च्या फ्रेंच आवृत्तीत त्या पत्राखाली २३ ऑगस्ट १५३५ अशी पूर्ण तारीख येते. १५५९ च्या लॅटिन आवृत्तीत पाहावे, तर १ ऑगस्ट १५३६. म्हणजे ज्या पुस्तकाची छपाई मार्चमध्ये संपली, त्याचे अर्पणपत्र त्यानंतर पाच महिन्यांनी लिहिले गेले असे मानायचे.

या घोळात पहिली भर मीच घातली, हे कबूल केले पाहिजे. १ सप्टेंबरपासून दहा दिवस मागे मोजून मी रकान्यात २२ ऑगस्ट लिहिले आणि मग आठवडाभर लॅटिन व फ्रेंच आवृत्त्यांत एका दिवसाचा फरक का पडतो याची कारणे शोधत बसले. रोमन लोक दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजत असत. आपण तेरावा काढताना पहिला दिवस जसा मोजणीत धरतो, तसाच. १ सप्टेंबर हा पहिला, ३१ ऑगस्ट हा दुसरा, असे उतरत गेले की दहावा येतो २३ ऑगस्ट. लॅटिन आणि फ्रेंच तारखा तंतोतंत जुळल्या. पत्र १५३५ च्या ऑगस्टमध्ये लिहून झाले आणि छपाई पुढच्या मार्चमध्ये संपली, हा सरळ हिशोब त्या संध्याकाळी लागला.

त्याच हिशोबाने तक्त्यातील एक भूतही घालवले. १५३५ हे साल फ्रेंच आवृत्तीतच छापलेले असल्यामुळे, लॅटिनच्या आधी एखादी निनावी फ्रेंच आवृत्ती निघाली असावी, असे एके काळी काही अभ्यासक मानत. त्यांना आणखी एक आधार मिळे. बायबलमधील स्तोत्रसंहितेवरील भाष्याच्या १५५७ च्या प्रस्तावनेत कॅल्व्हिन म्हणतो की आपण बाझल सोडले तेव्हा या पुस्तकाचा कर्ता आपण आहोत हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. पण १५३६ च्या मुखपृष्ठावर तर त्याचे नाव ठळक छापलेले आहे. याचे उत्तर मला पुरेसे वाटते: बाझलमध्ये तो मार्तियानुस लुकानियुस या टोपणनावाने राहत होता, त्यामुळे मुखपृष्ठावरचा कॅल्व्हिन म्हणजे शेजारी राहणारा हा लुकानियुस, हे ओळखणार कोण? शिवाय ऑक्टोबर १५३६ मध्ये फ्रान्स्वा दानिएल या मित्राला लिहिताना आपल्या पुस्तिकेच्या फ्रेंच आवृत्तीचा विचार सतत मनात असल्याचे तो सांगतो. ती आधीच निघालेली असती तर असे लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही. मी १५३५ ची ओळ तांबड्या शाईने खोडली. (लुकानियुस हे लॅटिन लिपीतील 'काल्व्हिनुस'च्याच अक्षरांची उलटापालट आहे. १५३९ च्या काही प्रतींवर छापलेले 'आल्कुइनुस' हे नावही त्याच आठ अक्षरांचे. माणूस गंभीर खरा, पण अक्षरांशी खेळायला त्याची हरकत नसावी.)

आता उरते ती १ ऑगस्ट. ही तारीख आली कुठून? हे लिहीत असतानाच एक गोष्ट ध्यानात आली, जी मी महिनाभर डोळ्यांसमोर असून पाहिली नव्हती. १५३९ च्या आवृत्तीतील वाचकांस लिहिलेल्या पत्राखाली स्ट्रासबुर्ग, १ ऑगस्ट १५३९ अशी तारीख आहे, आणि १५५९ च्या वाचकपत्राखाली जिनिव्हा, १ ऑगस्ट १५५९. पुस्तकाच्या आरंभीच्या दोन पत्रांपैकी एकाची तारीख दुसऱ्याखाली उतरली असेल का? छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची नजर चुकली असेल, किंवा खुद्द लेखकाने सगळ्या तारखा एका साच्यात बसवताना साल पुष्पिकेवरून घेतले असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि तो १५३९ च्या एका पानावर टिकेल किंवा पडेल: तिथे अर्पणपत्राखाली १ ऑगस्ट असेल तर तर्काला बळ येते, आणि २३ ऑगस्टच कायम असेल तर मला दुसरा मार्ग शोधावा लागेल.

आणि नेमके तेच पान माझ्याकडे नाही. १५३९ च्या ज्या प्रतीच्या प्रतिमा मी उतरवून घेतल्या, तिच्यात त्या आधीचे पान दोनदा टिपले आहे आणि अर्पणपत्राचा शेवट गाळला आहे. संबंधित ग्रंथालयाला दोनदा लिहिले, उत्तर नाही. त्या मानाने ई-रारा या स्विस संग्रहावरील प्रतिमा कोऱ्या पानांसकट नीट टिपलेल्या असतात, आणि पुष्पिका वाचायची तर मी तिथेच जाते. यंत्राने उतरवलेल्या मजकुरावर मात्र कोणीही विसंबू नये. जुन्या छपाईतल्या लांब 'एस'ला 'एफ' समजून यंत्र 'ख्रिस्तियाने'चे 'ख्रिफ्तियाने' करते, आणि रोमन तारखांचे तर तुकडेच पाडते.

म्हणून बेत बदलला आहे. एका रकान्याचे तीन करते आहे: जशी छापली तशी तारीख, तिचे आपल्या पद्धतीतील रूप, आणि साल छापलेले आहे की अनुमानाने घेतले आहे. बाउम, कुनिट्झ आणि रॉइस यांनी संपादित केलेल्या समग्र कॅल्व्हिनचा पहिला खंड मी मुद्दाम टाळत होते, कारण मूळ छापील पाने स्वतः पाहिल्यावाचून दुसऱ्याच्या टिपा वाचायच्या नाहीत असा माझा नियम होता. १५३९ ते १५५४ पर्यंतच्या आवृत्त्यांतील पाठभेद त्याच खंडाच्या तळटिपांत दिलेले आहेत. नियम मोडून उद्या तो उघडते आहे, आणि १५४५ ची फ्रेंच आवृत्तीही शेजारी ठेवते आहे.