भाडेकरू कंपनी दिवाळखोरीत गेली आणि माझा गाळा अडकला, माझा अनुभव

आधीच सांगतो, मी वकील नाही. वसई पूर्वेला माझा एक गाळा आहे, तो वापीच्या एका प्लास्टिक कंपनीला लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता, महिना 45,000 अधिक जीएसटी, डिपॉझिट 1,35,000. दोन वर्षं भाडं अगदी वेळेवर. मग 2024 च्या जूनपासून बंद. फोन केला की "साहेब पुढच्या आठवड्यात." ऑक्टोबरमध्ये वॉचमनचा फोन आला की शटरवर कोणीतरी कागद चिकटवून गेलंय. जाऊन बघतो तर कंपनी 11 सप्टेंबरलाच आयबीसीखाली, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलेली, आणि सगळा कारभार आता कोर्टाने नेमलेल्या एका माणसाच्या हातात.

माझं डोकं फिरलं. सरळ दुकानातून नवीन कुलूप आणलं आणि शटरला लावलं. संध्याकाळी वकिलांना फोन केला तर ते म्हणाले आधी ते कुलूप काढा, आत्ताच्या आत्ता. आमची बायको म्हणे, "गाळा आपला, कुलूप आपलं, मग परवानगी कोणाची?" प्रश्न बरोबरच होता पण उत्तर कायद्यात आहे. केस दाखल करून घेतली त्या दिवसापासून मोरेटोरियम, म्हणजे कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती लागते, कलम 14. त्यात स्पष्ट लिहिलंय की कंपनीच्या ताब्यात असलेली जागा मालकाला परत घेता येत नाही. करार संपला असला तरी. मला वाटलं वकील घाबरवतायत, तर त्यांनी म्हाडाचं उदाहरण दिलं, गोरेगावच्या पत्राचाळीच्या जमिनीबाबत 2020 साली सुप्रीम कोर्टाने म्हाडालासुद्धा हेच सांगितलं होतं. म्हाडाची ही गत तर आपण कोण. रात्री साडेनऊला जाऊन कुलूप काढलं, वॉचमन हसत होता.

बरं, हे सगळं मला महिनाभर कळलं कसं नाही? कारण जाहीर नोटीस कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस जिथे आहे तिथल्या पेपरात येते, एक इंग्रजी, एक स्थानिक भाषेतला. कंपनी गुजरातची, म्हणून गुजराती पेपर. मी वसईत बसून वापीचा गुजराती पेपर कधी वाचणार होतो? ह्या नोटिसा आयबीबीआयच्या, म्हणजे दिवाळखोरीवर देखरेख करणाऱ्या सरकारी बोर्डाच्या साइटवर पण टाकतात, भाडेकरूचं भाडं दोन महिने थकलं की तिथे कंपनीचं नाव शोधून बघा, फुकट आहे.

क्लेम, म्हणजे थकलेल्या पैशांचा दावा भरायला चौदा दिवस असतात, माझे ते गेलेले, पण नव्वद दिवसांपर्यंत चालतं म्हणून वाचलो. ह्यात एक गोष्ट मी चुकलो. सगळी थकबाकी एकाच आकड्यात लिहून फॉर्म बी पाठवला, तो परत आला. 11 सप्टेंबरच्या आधीचं भाडं वेगळं आणि नंतरचं वेगळं. आधीचं म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे दहा दिवस, 1,50,000 आणि जीएसटी धरून 1,77,000, त्याचा क्लेम. डिपॉझिट मात्र आपल्या मनाने वळतं करायचं नाही, जानेवारी 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ह्यावर फार काटेकोर बघतात. माझ्या करारात थकबाकी डिपॉझिटमधून कापायचं कलम होतं म्हणून ते फॉर्ममध्येच दाखवलं आणि 42,000 चा क्लेम मंजूर झाला. ते कलम तुमच्या करारात आहे का ते आज बघा. तर हे झालं आधीचं.

नंतरच्या भाड्याला सीआयआरपी कॉस्ट म्हणतात, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवायचा खर्च, तो बँकांच्याही आधी द्यायचा असतो. हे ऐकून मी खूश झालो होतो. कागदावर माझा नंबर पहिला! प्रत्यक्षात काय झालं ते आता सांगतो, आणि हे लिहायला बसलो तेही त्याच्यासाठीच.

कोर्ट आधी एक तात्पुरता माणूस नेमतं, आयआरपी. मी ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तिन्ही महिन्यांची इन्व्हॉइस त्यांच्या मेलवर पाठवली, सप्टेंबरच्या वीस दिवसांसकट. उत्तर एकच, "नोटेड." मग बँकांच्या कमिटीने, ज्याला सीओसी म्हणतात, त्यांना बदलून पुढचा कारभार बघायला दुसरा माणूस आणला, त्याला आरपी म्हणतात. नवीन ऑफिस, नवीन मेल आयडी, नवीन मुलगा. त्याला फोन केला तर तो म्हणतो, "काका, तुमचं काहीच आलेलं नाही, हँडओव्हरमध्ये नाहीये." मी जुने मेल फॉरवर्ड केले. आठ दिवसांनी उत्तर आलं की इन्व्हॉइसवरचा कंपनीचा जीएसटी नंबर चुकीचा आहे. अरे, तोच नंबर दोन वर्षं चालत होता! तर कळलं की दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचे जुने रिटर्न भरलेले नसतील तर आयआरपीला तीस दिवसांत नवीन जीएसटी नंबर घ्यावा लागतो. तो त्यांनी घेतला होता, कधीच, आणि आम्हाला कोणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे मी पाठवलेली चारही बिलं फुकट. सीएकडे गेलो, चार क्रेडिट नोट, चार नवीन इन्व्हॉइस, सीएची फी वेगळी. पाठवली. परत आली. का, तर कंपनीच्या नावापुढे "सीआयआरपीमध्ये" असं लिहिलं नाही. हे आधीच्या मेलमध्ये एकत्र सांगता आलं नसतं? पुन्हा केली. मग म्हणे सीओसीची मीटिंग झाली की बघू, मीटिंग झाली तर म्हणे अजेंड्यावर नव्हतं, पुढच्या मीटिंगला घेऊ, कंपनीच्या खात्यात पैसेच नाहीत. आणि ह्या सगळ्यात मी दर महिन्याला सरकारला 8,100 रुपये जीएसटी भरतोय, न मिळालेल्या भाड्यावर! बिल काढलं की टॅक्स भरायचा, पैसे येवोत न येवोत. मीटर माझ्या नावावर, म्हणून लाइट बिलही मीच भरत होतो (मीटर भाडेकरूच्या नावावर करून घ्या, आळस करू नका).

एकदा तर मी त्या मुलावर फोनवर ओरडलो. तो बिचारा पगारी माणूस, त्याचा काय दोष, पण मला तोच एक सापडत होता.

मार्चमध्ये वकिलांनी मला एक गोष्ट समजावली ती आधी समजली असती तर चार महिने वाचले असते. मालकाने ताबा मागायला बंदी आहे, पण आरपीला जागा नकोच असेल तर त्याने स्वतःहून परत द्यायला कोणी अडवलेलं नाही. मग भाड्यासाठी भांडण्यापेक्षा त्यांना हे दाखवा की हा गाळा त्यांना महागात पडतोय, दर महिन्याला खर्चाचा आकडा वाढतोय. गाळ्यात होतं काय, दोन जुन्या मोल्डिंग मशीन आणि भंगार. आम्ही मेल केला, सोबत भाड्याचा हिशोब आणि कलम 60(5) खाली कोर्टात दाद मागायच्या अर्जाचा मसुदा जोडला, की पंधरा दिवसांत काही झालं नाही तर हा दाखल करू. तो मेल थेट आरपींना, मुलाला नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा आरपींचा स्वतःचा फोन आला, आवाज एकदम मऊ.

तरी वेळ लागलाच, कारण सामान विकायलाही नियम आहेत. एक मशीन बँकेकडे तारण होतं, ते वापीच्या कारखान्यात हलवलं. दुसरं आणि भंगार तारणमुक्त होतं, ते विकायला सीओसीची मंजुरी लागली, आणि अशी विक्री सगळी मिळून मंजूर क्लेमच्या 10 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. ते बसत होतं म्हणून सुटलं. नाहीतर अजून तिथेच असतं.

31 मेला ताबा मिळाला. ताबा पावतीवर तारीख, मीटर रीडिंग, आत राहिलेलं सामान सगळं लिहून घेतलं, फोटो काढले. सीआयआरपीचं भाडं 3,90,000 आणि जीएसटी 70,200, ते ऑगस्टमध्ये खात्यात आलं, त्या दिवशी मी बँकेचा मेसेज तीनदा वाचला आणि बायकोला दाखवला, ती म्हणाली लाइट बिलाचं काय. त्याचं बिल मी पाठवलंच नव्हतं.

क्लेमच्या 42,000 मधला एक रुपया अजून आलेला नाही. गाळा आता एका मिठाईवाल्याला दिलाय, गोडाऊनसाठी, कंपनी नाही, माणूसच आहे, आणि मीटर त्याच्या नावावर.